चपाती खाल्ली वहिनीनं, मग क्रियापद चपातीकडं का बघतं?

वडगावची_लेक

आमच्याकडं गेल्या वैशाखात वहिनी आली. माहेर गोकाक. घर कन्नड, शाळा कन्नड, मराठी म्हणजे बेळगावला खरेदीला आल्यावर कानावर पडलेली तेवढीच. आमच्या आईला कन्नड चांगलं येतं खरं ती वहिनीशी हट्टानं मराठीच बोलते, "कानावर पडल्याशिवाय यायचं कसं" म्हणून. (पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी: आमच्याकडं 'खरं' म्हणजे 'पण'. पुढं गोंधळ नको.)

वहिनी हुशार आहे. सहा महिन्यांत भाजीवालीशी घासाघीस करण्याइतकी तयार झाली. अडकते ती एकाच जागी. परवा सकाळी आईनं विचारलं, "काय खाल्लंस की नाही?"

"होय, मी दोन चपात्या खाल्ले."

"खाल्ल्या."

"मी एकटीच खाल्ले की."

"अगं, चपात्या खाल्ल्या म्हणायचं."

वहिनी लाटणं तसंच हातात धरून म्हणाली, "खाणारी मी. चपाती काय करुलाली होती?"

सगळे हसले. उत्तर कुणीच दिलं नाही, कारण कुणाला येत नव्हतं.

तिचं म्हणणं चुकीचं कुठं आहे? कन्नडात 'ना चपाती तिंदे'. खाणारा 'तो' असला तर 'तिंद', 'ती' असली तर 'तिंदळु'. काय खाल्लं त्याला क्रियापद विचारतच नाही. आपल्याकडं मी आंबा खाल्ला, चपाती खाल्ली, केळं खाल्लं, चपात्या खाल्ल्या. खाणारी मीच, बदलतंय ताटातलं. बरं, नेहमीच असं असतं तर पाठ करायला लावलं असतं. 'मी चपाती खाते' म्हणताना क्रियापद माझ्याकडंच बघतं. ताट रिकामं झालं की तोंड फिरवून चपातीकडं. तिला काय सांगू?

गणपत_गल्ली

सांगू नका काही, धंदा बरा चाललाय तिचा :)

आमचं कापडाचं दुकान. बैलहोंगल-सौंदत्तीकडचं गिऱ्हाईक येतं, "ही साडी कसा दिला?" म्हणतं. मीपण "घ्या की ताई, चांगला आहे" म्हणून मोकळा होतो. साडीची साडी विकली जाते, तिचं लिंग कुणी विचारत नाही. संध्याकाळी घरी आलो की तेच तोंडात बसलेलं असतं आणि मुलगी दुरुस्त करते.

खरं एक सांगतो. ही चूक फक्त कन्नड माणसाची नाही. आमच्या गल्लीत जन्म काढलेले मराठे 'तो मला सांगितला' म्हणतात. 'त्यानं सांगितलं' नाही. 'ने'च गायब.

पुण्याची_पेठ

यात गूढ काय आहे? याला कर्मणी प्रयोग म्हणतात, शाळेच्या पुस्तकात आहे. कर्त्याला तृतीया, कर्माला प्रथमा, क्रियापद कर्माप्रमाणे. सीमाभागात मराठी टिकवल्याबद्दल आदर आहेच, पण 'करुलाली', 'तो सांगितला' ही मराठी अशुद्ध आहे हे मान्य करायला हरकत नसावी.

वडगावची_लेक

नाव आम्हालाही पाठ आहे हो. पेपरात दोन मार्कांना येतं. मी 'का' विचारलंय. सर्दीला पडसं म्हटलं म्हणून नाक वाहायचं थांबतं काय?

कर्मणी_काका

खानापूर तालुक्यात एकतीस वर्षं मराठी शिकवली, त्यामुळं हे टोपणनाव मुलांनीच दिलेलं आहे. ताई, तुमच्या वहिनींचा प्रश्न फार चांगला आहे. माझ्या वर्गात तो कुणी विचारला नाही, कारण मराठी घरातल्या मुलाला तो दिसतच नाही.

गोष्ट अशी. मराठीतलं 'खाल्ली' हे जन्मानं क्रियापद नव्हे. ते विशेषण आहे. संस्कृतात भूतकाळाची रूपं भरपूर होती, पण बोलता बोलता लोक ती सोडून 'क्त' प्रत्ययाच्या धातुसाधितावर (धातूपासून बनलेल्या विशेषणावर) भागवू लागले. 'रामेण आम्रः खादितः'. म्हणजे रामाकडून आंबा खाल्लेला. प्राकृतातून येताना त्याला ल-कार चिकटला आणि आपला 'रामाने आंबा खाल्ला' तयार झाला. आता विशेषण कुणाकडं बघणार? नामाकडं. पिकला आंबा, पिकली केळी, पिकलं फळ, तसंच खाल्ला आंबा, खाल्ली चपाती, खाल्लं केळं. वहिनींना सांगा, 'खाल्ली' हा चपातीला लागलेला डाग आहे, तुमच्या तोंडाचा त्याच्याशी संबंध नाही.

वर्तमानकाळ आला तो दुसऱ्या वाटेनं. 'करता', 'खाता' हे करणाऱ्याचं विशेषण, म्हणून 'खातो-खाते' करणाऱ्याकडं बघतं. दोन काळ, दोन वेगळ्या घराण्यांतून आलेले.

हे फक्त आपल्याकडं नाही. हिंदीत 'राम ने रोटी खाई' हीच चाल. युरोपात फ्रान्स-स्पेनच्या सरहद्दीवर बास्क नावाची भाषा आहे, तिच्यात कर्म असलेल्या क्रियापदाच्या कर्त्याला वेगळा प्रत्यय लागतोच, काळ कोणताही असो. कॉकेशसमधल्या जॉर्जियन भाषेत तो आपल्यासारखा भूतकाळात दिसतो. यांचं आपल्याशी काही नातं नाही. तिकडंही गाडी याच वळणावर गेली एवढंच.

आणि आता वहिनींना खूश करणारी बातमी. काही क्रियापदं कर्म असूनही या नियमाला भीक घालत नाहीत. मी छत्री विसरले. ती धडा शिकली. आणि रोजचं उदाहरण: मी चहा प्याले. खाणं चपातीकडं बघतं, पिणं माणसाकडं! म्हणजे सकाळच्या न्याहारीत त्या निम्म्या बरोबर आहेत.

वडगावची_लेक

काका, वाचून दाखवलं. 'चहा प्याले' ऐकून वहिनी म्हणाली, "मग आजपासून मी चपाती पितो."

'डाग' मात्र तिला पटला. खरं पुढचा प्रश्न तयार आहे. "तू चपाती खाल्लीस" यात 'ली' चपातीची आणि 'स' कुणाचा?

कर्मणी_काका

'स' तुझा, म्हणजे 'तू'चा! एकाच शब्दात दोन डोळे. एक चपातीवर, एक खाणाऱ्यावर. तू आंबा खाल्लास, तू चपाती खाल्लीस, तू केळं खाल्लंस. हिंदीला हे जमत नाही, 'तूने रोटी खाई' म्हणताना तिथं 'तू'ची खूण क्रियापदावर नाही. कन्नडात नेमकी उलटी बाजू, फक्त 'तू'ची खूण आणि रोटीची नाही. मराठी मध्ये उभी राहून दोन्हीकडं हात पसरून आहे.

शहापूर_ते_ओसाका

शहापूरचा, सध्या जपानात नोकरी. मजा येतेय धाग्याला. इकडचं क्रियापद कुणाकडंच बघत नाही. 'ताबेता'. मी खाल्लं, तू खाल्लीस, त्यांनी खाल्ल्या, सगळ्याला 'ताबेता'. कोण ते समोरच्यानं ओळखायचं. आणि लांब कशाला जायचं, आपल्या दक्षिणेत मल्याळीतही तसंच आहे. 'वन्नु' म्हणजे मी आलो, तो आला, ती आली, काहीही. कन्नडाच्याच घराण्यातली भाषा, खरं शेपूट झडलं.

मला खरा धक्का बसला तो पहिल्या आठवड्यात. घरमालकीणबाईंनी शिकवलं, बाहेर पडताना 'इत्ते किमास' म्हणायचं. फोड केली तर 'इत्ते' म्हणजे जाऊन, 'किमास' म्हणजे येतो. जाऊन येतो! दारात उभा राहून आईची आठवण आली. 'जातो' म्हटलं तर आई चपलेनं मारायची. आणि आत राहणारा म्हणतो 'इत्तेराश्शाइ', म्हणजे 'जाऊन या'.

'ताबेते मिरु' म्हणजे 'खाऊन बघतो'. चव बघतो या अर्थानं. मिरु म्हणजे डोळ्यांनी बघणंच. मी एकदा कुंदा आणला होता, सहकाऱ्यानं वडी हातात घेऊन हेच म्हटलं.

वडगावची_लेक

वहिनी: "होगि बरतीनी. आम्ही पण जाऊन येतोच म्हणतो." आणि 'खाऊन बघ' म्हणजे 'तिंदु नोडु', 'करून बघ' म्हणजे 'माडि नोडु'. तिला वाटायचं हे कन्नडच आहे, मराठीनं ढापलं. मला वाटायचं आपलं आहे. तिसराच मालक निघाला जपानात.

सदलगेकर

आम्ही चिकोडी तालुक्यातले जैन. घरात कन्नड, बाजारात मराठी, कॉलेज बेळगावात, बायको निपाणीची मराठी. आमच्यात भांडण सुरू होतं एका भाषेत आणि संपतं दुसऱ्या.

पुण्याची_पेठ यांनी 'करुलाली' अशुद्ध म्हटलं म्हणून लिहितोय. बेळगाव-चंदगडला 'काय करुलालास?' म्हणतात. उत्तर कर्नाटकातला कन्नड माणूस त्याच वेळी म्हणतो 'एन माडाकत्ती?' आता दोन्ही उकलून बघा.

करुलालोय = करू लागलो आहे. 'ग' वाटेत सांडला.
माडाकत्तीनी = माडाक हत्तीनी. 'माडाक' म्हणजे करायला. आणि 'हत्तु' म्हणजे? चढणं, चिकटणं, लागणं. आग लागली तर कन्नडात 'बेंकी हत्तितु'. म्हणजे जिथं मराठीत 'लाग' तिथं कन्नडात 'हत्तु', आगीलाही आणि कामालाही. दोघंही म्हणतायत 'मी करायला लागलोय' आणि दोघांनाही सांगायचंय 'मी करतोय'. आतलं हाड एकच आहे, वरचं कातडं वेगळं. प्रमाण मराठीत 'करायला लागलो' म्हणजे नुकती सुरुवात केली. आमच्याकडं सुरुवात संपून चालू काम झालं. याला चूक म्हणायचं असेल तर दोन भाषांनी ठरवून एकच चूक कशी केली ते सांगा.

पुण्याची_पेठ

हे मला खरंच माहीत नव्हतं. 'करुलालाय' हा मी नुसता उच्चारातला आळस समजत होतो.

कर्मणी_काका

सदलगेकर, उकल सुंदर. पण एक ब्रेक लावतो. 'करू लागला' ही रचना मराठीच्या घरचीच आहे, जुन्या मराठीतही सापडते. मराठवाड्यात 'काय करायलास?' म्हणतात तेही याच जातीचं. तेव्हा कन्नडानं नवीन काही दिलं असं म्हणण्याऐवजी, घरात असलेल्या गोष्टीला शेजाऱ्यामुळं जास्त काम लागलं असं म्हणावं. सगळंच कानडीवर ढकलायचा आपल्याला मोह होतो. कधी दोष म्हणून ढकलतो, कधी कौतुकानं.

सदलगेकर

मान्य. मराठवाड्याच्याही एका अंगाला कन्नड आहेच, बिदर-भालकी लांब नाही, एवढं फक्त जोडतो :)

गणपत_गल्ली

आता बायकांच्या 'येतो'वर बोला कुणीतरी. माझी मावसबहीण पुण्यात कॉलेजला गेली. पहिल्या दिवशी मैत्रिणींना "थांबा, मी पण येतो" म्हणाली. चार वर्षं तिला 'अहो येतो' म्हणून चिडवलं.

वडगावची_लेक

हे माझं दुखणं आहे. मी लिहिताना 'येते' लिहिते आणि बोलताना 'येतो' म्हणतो. आई, आत्या, आज्जी सगळ्या 'मी आलो', 'मी जातो'च म्हणतात. कोल्हापूरच्या पोरीही. यात पुरुषी मिजास वगैरे काही नाही, जसं पुण्यातल्यांना वाटतं.

वहिनीला विचारलं. तिला प्रश्नच कळेना. कन्नडात 'ना बंदे'. बाई म्हणाली तरी बंदे, बाप्या म्हणाला तरी बंदे. बाई-बाप्या फरक तिसऱ्या माणसाला: 'बंद', 'बंदळु', 'बंतु'. ती म्हणाली, "मी समोर उभी आहे, दिसुलालोय की मी बाई आहे ते. परत सांगायचं कशाला?"

कर्मणी_काका

मराठीलाही ते अधूनमधून पटलेलं आहे. 'मी उद्या येईन' यात लिंग आहे? नाही. बाई येईन, बाप्या येईन. म्हणजे भविष्यकाळात सगळ्या महाराष्ट्राच्या बायका वडगावच्या आहेत.

चोर्ला_घाट

कणकुंबीकडचा. आमच्याकडं घाट उतरला की कोंकणी. तिथं लग्न न झालेल्या मुलीला सरळ नपुंसकलिंग. 'तें चेडूं आयलें'. ती पोरगी आली नाही, ते पोरगं आलं. जर्मनीत मुलीला म्हणतात ते 'मेटशेन'ही नपुंसक. त्यांच्याकडं कारण साधं आहे, शेवटी लाडाचा छोटेपणाचा प्रत्यय आला की शब्द नपुंसक होतो. आमच्या आज्जीला कारण विचारलं तर म्हणाली, शहाणपण येईपर्यंत सगळी 'तें'च. मग मुलगे का नाहीत, विचारलं. उत्तर आलं नाही.

शहापूर_ते_ओसाका

नकारावर कुणी बोललं नाही. मराठीसारखी नकाराची चैन हिंदीत नाही. नाही, नव्हे, नको, नये. आणि कन्नडात बरोब्बर तेवढीच: इल्ल, अल्ल, बेड, बारदु. चहा नाही = इल्ल. हा चहा नव्हे = अल्ल. चहा नको = बेड. चहा पिऊ नये = बारदु. लहानपणी मला वाटायचं कन्नड म्हणजे मराठीच, फक्त शब्द बदललेले. 'मला कन्नड येतं' घ्या. 'ननग कन्नड बरतैती'. मला, कन्नड, येतं. दोन्हीकडं भाषा चालत आपल्याकडं येते. इंग्रजीत आपण जाऊन तिला पकडायची.

सदलगेकर

आणि आमचे मुसलमान मित्र 'नक्को' म्हणतात. दखनीनं, म्हणजे इकडच्या उर्दूनं, तो शब्द मराठीकडूनच उचलला. उत्तरेतल्या उर्दूवाल्याला 'नक्को' म्हटलं की तो आपण कुठले ते ओळखतो.

कन्नडात अजून एक आहे, 'ओल्ले'. म्हणजे 'मला नको, मी नाही घेणार'. लहान पोरं जेवताना करतात ते. यात नकाराचा शब्दच नाही! जुन्या कन्नडात धातूला काळाचा प्रत्यय न लावता थेट 'मी'ची खूण लावली की नकार व्हायचा. 'माडिदेनु' केलं, 'माडुवेनु' करीन, आणि मधलं काढून टाकलं की 'माडेनु', करणार नाही. काळ काढला की काम झालंच नाही. ज्यानं कुणी हे पहिल्यांदा केलं त्याला नमस्कार.

कर्मणी_काका

सुंदर! फिनलंडच्या भाषेत नकार हेच क्रियापद असतं. 'एन' मी नाही, 'एत' तू नाही, 'एइ' तो नाही, आणि खरं क्रियापद पुढं गप्प बसून राहतं. हसू नका, आपलंही थोडं तसंच आहे. तो येत नाही, तू येत नाहीस, ते येत नाहीत. 'येत' हललं का? शेपटं सगळी 'नाही'ला.

वडगावची_लेक

धागा कुठल्या कुठं गेला, खरं थांबू नका. माझी एक भर. आज्जीचं अर्धं बोलणं 'म्हणे'वर चालतं. "तो आला म्हणे", "जागा विकली म्हणे". वहिनीच्या आईचं 'अंत'वर. 'बंदानंत', आला म्हणे. दोघी विहिणी फोनवर बोलतात तेव्हा एका बाजूनं म्हणे, दुसऱ्या बाजूनं अंत, आणि खरं काय झालं ते कुणालाच ठाऊक नसतं.

शहापूर_ते_ओसाका

माझ्या शेजारच्या टेबलावर एक तुर्की बसतो. त्यांच्याकडं हे क्रियापदातच शिवलेलं आहे. 'गेल्दी' म्हणजे आला, मी सांगतोय ना. 'गेल्मिश' म्हणजे आला म्हणे, मी बघितलेलं नाही. त्याला मी 'म्हणे' समजावून सांगितलं तर म्हणाला, मग तुमच्याकडं वर्तमानपत्रं कशी लिहितात? मी म्हटलं, 'समजते' लावून.

गणपत_गल्ली

'सूत्रांकडून समजते' :))

सदलगेकर

इथवर आलो तर कुपवाडचं सांगायलाच हवं. सांगली-मिरजेजवळचं कुपवाड, आता महापालिकेत गेलं. जॉन गम्पर्झ आणि रॉबर्ट विल्सन या दोघांचा त्या गावच्या बोलीवरचा लेख १९७१ साली छापून आला, आणि भाषाशास्त्र शिकणाऱ्याला जगात कुठंही आपलं कुपवाड माहीत असतं. गावात जैन-लिंगायत घरांत कन्नड, मुसलमान घरांत उर्दू, आणि चारचौघांत मराठी. पिढ्यान्‌पिढ्या शेजार. त्यांना आढळलं की तिन्ही भाषांनी आपापले शब्द ठेवलेत, पण वाक्याचा सांगाडा जवळजवळ एक झालाय. त्यांचं गाजलेलं वाक्य भाजीच्या पाल्याचं आहे. उर्दूत 'पाला जरा काट के ले के आया'. मराठीत 'पाला जरा कापून घेऊन आलो'. माझी आई कन्नडात म्हणेल, 'तप्पला जरा कोय्दु तगोंडु बंदे'. शब्दावर शब्द ठेवा, तंतोतंत बसतो.

लिंगाचंही तेच. तिथल्या मराठी-उर्दूनं निर्जीव वस्तूंचे पुल्लिंग-स्त्रीलिंग सोडून कन्नडाचा हिशोब धरला: बाप्या, बाई आणि उरलेलं सगळं एका खान्यात. गणपत गल्लीतली 'चांगला साडी' त्याच रस्त्यावर आहे.

वडगावची_लेक

थांबा थांबा. 'घेऊन आलो' बघा. पुण्यात 'पाला कापून आणला' म्हणतील ना? 'आणला' पाल्याकडं बघतं. 'घेऊन आलो' माझ्याकडं! 'येणं'ला कर्मच नाही, म्हणून कर्मणीची कटकटच नाही. म्हणजे वहिनीला जे जमत नाही ते कुपवाडनं शांतपणे वळसा घालून चुकवलंय.

कर्मणी_काका

'घेऊन आलो' प्रमाण मराठीतही चालतं, त्यामुळं त्यांनी मुद्दाम चुकवलं असं सिद्ध होत नाही. पण बाई, निरीक्षण असं की मला ते वर्गात वापरायला आवडलं असतं.

पुण्याची_पेठ

एक शंका. आम्ही / आपण हा फरक (तुला सोडून आम्ही, तुला धरून आपण) मराठीत कन्नडातून आला का? हिंदीत तो नाही.

सदलगेकर

गंमत म्हणजे आजच्या कन्नडात तो नाहीच. नुसतं 'नावु'. तमिळमध्ये आहे, 'नाम' आणि 'नांगळ'. तेलुगूत आहे, 'मनम' आणि 'मेमु'. म्हणजे द्राविडांकडची गोष्ट मराठीकडं आहे आणि सख्ख्या शेजाऱ्यानं टाकून दिली. त्यामुळं कन्नड माणूस मराठीत "आम्ही जेवायला जाऊया" म्हणतो आणि समोरच्याला कळत नाही आपल्याला बोलावलंय की कळवलंय.

गणपत_गल्ली

मी अशा वेळी सरळ जाऊन बसतो.

सदलगेकर

शेवटची एक गोष्ट, मूळ प्रश्नावर. २०१८ साली महामस्तकाभिषेकाला श्रवणबेळगोळला गेलो होतो, आईला घेऊन. गोमटेश्वराच्या पायाशी लेख कोरलेले आहेत. एका बाजूला कन्नड-तमिळ, दुसऱ्या बाजूला नागरीत मराठी ओळ. शाळेत 'मराठीतलं आद्य वाक्य' म्हणून पाठ केलेली:

श्री चावुण्डराजें करवियलें.

आणि कन्नड ओळ:

श्री चामुण्डराजं माडिसिदं.

मूर्ती दहाव्या शतकाच्या अखेरची. मराठीत खाली अजून एक ओळ आहे, 'श्री गंगराजे सुत्ताले करवियले', म्हणजे भोवतालचा प्राकार गंगराजानं करवला, आणि ते काम बाराव्या शतकाच्या सुरुवातीचं. त्यामुळं दोन्ही मराठी ओळी तेव्हाच कोरल्या असं बरेच अभ्यासक धरतात आणि आद्यपणाचा मान अलिबागजवळच्या अक्षीच्या लेखाला, इ.स. १०१२, देतात. तो वाद राहू दे. 'सुत्ताले' मात्र बघून ठेवा, कन्नड 'सुत्तु' म्हणजे भोवती. मराठीच्या इतक्या जुन्या ओळीत कन्नड शब्द बसलेला आहे.

आता वडगावच्या वहिनींना दोन्ही ओळी दाखवा आणि विचारा काय दिसतं.

वडगावची_लेक

दाखवल्या. कणीक मळत होती. मोबाईल मी समोर धरला. पहिल्यांदा कन्नड वाचली. "माडिसिदं, म्हणजे माडिसिद. करवला. तो. चामुंडराज." मग मराठी. 'करवियलें' तिनं तीनदा वाचलं.

"हे 'लें' म्हणजे केळं खाल्लं मधलं काय?"

म्हटलं होय.

"आणि 'राजें' म्हणजे राजानं?"

होय.

"मग कन्नड राजाकडं बघुलालंय आणि मराठी मूर्तीकडं." कणकेचा हात तसाच वर धरून ती जरा थांबली. "माझी चपातीच की ही."

काका, मला तुमच्या वर्गात असायला पाहिजे होतं असं आता वाटुलालंय.

कर्मणी_काका

तिला पुढच्या रविवारी घरी घेऊन या. मंडिगे करायला सांगतो. आणि एकतीस वर्षं मी 'करवियलें' फळ्यावर लिहिलं, शेजारी 'माडिसिदं' एकदाही लिहिलं नाही. कन्नड मला येतं.

वडगावची_लेक

येतो काका. (बोलुलालोय, लिहीत नाही.)

ता.क. रात्री जेवताना आईनं विचारलं, किती खाल्ल्यास? वहिनी म्हणाली, "तीन चपात्या खाल्ल्या आणि दोन ग्लास ताक प्याले." आईनं काही न बोलता चौथी वाढली.

गणपत_गल्ली

'प्याले' कोण म्हणतं हो आता? आमच्यात 'पिलो'.

पुण्याची_पेठ

आमच्यात 'प्यायले'. नवीन धागा काढा.